‘स्पिंडल सेल निओप्लाझम’ असा रिपोर्ट आला, दोन लॅबचे मत जुळत नाही. आता काय करावे?

तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देते आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमच्या ३१ वर्षांच्या धाकट्या भावाच्या मांडीत, स्नायूंच्या आत, सुमारे ७ सेंटिमीटरची गाठ आहे. एमआरआय झाला, सुईने बायोप्सी झाली. पुण्यातल्या पहिल्या लॅबने ‘स्पिंडल सेल निओप्लाझम (लांबट पेशींची गाठ), आयएचसी करावी’ असे लिहिले; आयएचसी म्हणजे पेशींतली विशिष्ट प्रथिने रंगवून दाखवणारी तपासणी. त्याच स्लाइड दुसरीकडे दाखवल्यावर ‘सायनोव्हियल सार्कोमा किंवा सॉलिटरी फायब्रस ट्यूमर, आयएचसीने खात्री करावी’ असे मत आले (सार्कोमा म्हणजे हाडे, स्नायू, चरबी अशा ऊतींचा कर्करोग). आता सर्जन म्हणतात की ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेला बायोप्सीचा नमुना, घेऊन मुंबईला जा. या सगळ्यात तीन आठवडे गेले आहेत. शिवाय तुमच्या नात्यातल्या एका मुलीला मानेतल्या गाठींसाठी टीबीची औषधे सुरू झाली होती आणि नंतर तो ‘किकुची’ नावाचा वेगळाच आजार निघाला, त्यामुळे तुमचा एकूणच विश्वास डळमळला आहे. तुम्ही विचारता की एवढ्या मोठ्या शहरात एकालाही खात्रीने सांगता येऊ नये का, दोघांपैकी बरोबर कोण, आणि पुन्हा बायोप्सी करावी लागेल का.

मी पुण्यात हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे ऊतींचे नमुने मायक्रोस्कोपखाली तपासून निदान करण्याचे काम, करते आणि माझ्या कामाचा बराचसा भाग हाडांच्या व मऊ ऊतींच्या गाठींचा असतो. तुमच्या भावाच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे ती गाठ कशाची आहे हे मी सांगणार नाही. केवळ रिपोर्टचा मजकूर वाचून कोणी सांगत असेल तर त्यावरही विसंबू नका. असा रिपोर्ट कसा तयार होतो, तो कुठे अडतो आणि त्यातल्या कोणत्या गोष्टी तुमच्या हातात आहेत, एवढे मात्र मी सांगू शकते.

पहिली गोष्ट म्हणजे हे दोन रिपोर्ट एकमेकांच्या विरोधात नाहीत. पहिल्या पॅथॉलॉजिस्टने नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या स्लाइडवर जे दिसले ते लिहिले आणि त्यापलीकडे जायला नकार दिला. दुसऱ्याने त्याच चित्राकडे पाहून सर्वांत संभाव्य अशी दोन नावे लिहिली आणि खात्रीसाठी तीच तपासणी सुचवली. म्हणजे दोघेही एकाच रस्त्यावर आहेत, एक जण दोन पावले पुढे जाऊन थांबला आहे. कोण बरोबर हे ठरवण्याची वेळ अजून आलेलीच नाही. अपुऱ्या पुराव्यावर ठाम नाव लिहिणारा रिपोर्ट तुम्हाला त्या दिवशी बरा वाटला असता, पण त्यावर विसंबून पाय कापण्याचा किंवा केमोथेरपीचा निर्णय झाला असता तर तो परत घेता आला नसता.

स्पिंडल पेशी म्हणजे मध्ये किंचित फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या लांबट पेशी. अडचण अशी की शरीरात अशा दिसणाऱ्या पेशींचे घराणे फार मोठे आहे. मज्जातंतूंच्या आवरणातून उगवणाऱ्या गाठीत त्या असतात, अनैच्छिक स्नायूंच्या गाठीत असतात, तंतुमय ऊतींच्या गाठीत असतात, आणि जखम भरून काढण्यासाठी शरीर स्वतः ज्या पेशी तयार करते त्याही अशाच दिसतात. मेलॅनोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग) किंवा एखादा कार्सिनोमासुद्धा (त्वचेच्या किंवा अवयवांच्या अस्तराचा कर्करोग) कधी कधी हे रूप घेतो. यांतली श्वानोमा ही गाठ मज्जातंतू वाचवून अलगद सोलून काढली की प्रश्न संपतो. डेस्मॉइड फायब्रोमॅटोसिस असेल तर ती शरीरात दूर पसरत नाही आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया न करता काही काळ नुसते लक्ष ठेवणे हाच पहिला सल्ला असतो. सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्ये मुख्य भर शस्त्रक्रियेवर राहतो. सायनोव्हियल सार्कोमा ठरला तर शस्त्रक्रियेच्या जोडीला रेडिओथेरपीचा आणि अनेकदा केमोथेरपीचा विचार होतो. उपचारांचा क्रम एवढा बदलत असेल तर नावासाठी थांबण्याला अर्थ आहे.

एवढ्या मोठ्या शहरात कोणालाच कळू नये का, हा तुमचा राग मी समजू शकते, पण थोडी आकडेवारी पाहा. मऊ ऊतींच्या गाठींमध्ये साध्या गाठी कर्करोगाच्या गाठींपेक्षा शंभरपटीने तरी जास्त आढळतात. सार्कोमा हे प्रौढांमधील एकूण कर्करोगांच्या जेमतेम १ टक्का, आणि तो एक टक्काही सत्तरहून अधिक उपप्रकारांत विभागलेला आहे. दिवसभर पित्ताशय, अपेंडिक्स, गर्भाशय आणि स्तनांच्या बायोप्सी पाहणाऱ्या एखाद्या उत्तम पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर यांतले काही उपप्रकार अनेक वर्षांत एकदाही येत नाहीत. त्याला ते पुस्तकातून माहीत असतात, पण डोळ्यांच्या सवयीचे नसतात, आणि आमच्या कामात हा फरक मोठा आहे. सार्कोमाच्या पहिल्या निदानांचे फ्रान्समध्ये तज्ज्ञांकडून पुनर्वाचन करून घेतले गेले तेव्हा निम्म्याहून थोडी अधिक निदानेच पूर्णपणे जुळली होती. बाकीच्यांत प्रकार, श्रेणी (गाठ किती आक्रमक आहे याचा दर्जा) किंवा क्वचित गाठ साधी की कर्करोगाची, असा काही ना काही फरक निघाला. हे पुण्याचे किंवा भारताचे वैगुण्य नाही, या गाठींचा स्वभावच तसा आहे. दुर्मिळपणाची आणखी एक बाजू आहे. युरोपात ज्या कर्करोगाचे वर्षाला लाखामागे ६ पेक्षा कमी नवे रुग्ण आढळतात त्याला दुर्मिळ म्हणतात, आणि असे सगळे दुर्मिळ कर्करोग एकत्र मोजले तर ते एकूण कर्करोगांच्या पंचमांशाहून जास्त भरतात. त्यामुळे आपल्याच घरी असे विचित्र काही का आले असे वाटणारे लोक जितके वाटतात तितके थोडे नाहीत.

आता मी स्वतः अशी केस कशी पाहते ते सांगते. आधी नमुन्याबरोबर आलेला सर्जनचा फॉर्म बाजूला ठेवून स्लाइड पाहते, मनात एक अंदाज बांधते, मग फॉर्म वाचते आणि पुन्हा स्लाइडकडे जाते. काही सहकारी नेमके उलट करतात आणि त्यांचेही चुकत नाही. फॉर्मवरच्या प्रश्नचिन्हासकट लिहिलेल्या नावाने माझी नजर आधीच वळू नये म्हणून मी हा क्रम धरते. पण फॉर्म वाचल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही, कारण वय, जागा, गाठ किती खोल आहे, किती काळात वाढली, आधी काही उपचार किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का, या पाच गोष्टींनी निदानाची निम्मी यादी गळून पडते. दुर्दैवाने पुष्कळ फॉर्मवर ‘मांडीची गाठ, ?सार्कोमा’ एवढेच असते, आणि मग आम्ही सर्जनना फोन करत बसतो, ते ऑपरेशनमध्ये असतात, आणि रुग्णाच्या हिशेबातला एक दिवस असाच जातो.

ही माहिती किती निर्णायक असते याचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण नोड्युलर फॅसायटिस या आजाराचे आहे. तिशीतल्या माणसाच्या हातावर, कातडीखाली, दोन-तीन आठवड्यांत एक गाठ झपाट्याने वाढते. ती काढून पाहिली तर मायक्रोस्कोपखाली भरगच्च स्पिंडल पेशी, भराभर होणारे पेशीविभाजन, असे घाबरवणारे चित्र दिसते. १९५५ मध्ये या आजाराचे वर्णन झाले तेव्हापासून तो सार्कोमाची नक्कल करणारा म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात ती गाठ निरुपद्रवी असते आणि काही वेळा आपोआप जिरते. २०११ मध्ये तिच्यात यूएसपी६ या जनुकाची जुळणी बदललेली सापडली, त्यामुळे आता शंका आल्यास तशी चाचणी करता येते. पण चाचणीपर्यंत जाण्याआधी शंका यायला हवी, आणि ती शंका ‘तीन आठवड्यांत वाढली, दोन सेंटिमीटरची आहे, कातडीखालीच आहे’ या एका ओळीतून येते. ती ओळ फॉर्मवर नसेल तर पाहणाऱ्याला तीच स्लाइड वेगळी दिसू शकते. विशेष म्हणजे येथे सामान्य समजुतीच्या उलट आहे: इतक्या वेगाने वाढणारी लहान, वरवरची गाठ साधी निघू शकते, आणि वर्षभर सावकाश वाढणारी, फारशी न दुखणारी, खोल गाठ सायनोव्हियल सार्कोमा निघू शकते. ‘दुखत नाही, म्हणजे चरबीची गाठ असेल’ असे म्हणून महिनोन्महिने थांबलेले रुग्ण आम्हाला नेहमी दिसतात. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, स्नायूच्या आतली किंवा वाढत जाणारी गाठ थेट कापून न काढता आधी एमआरआय आणि मग सुईने बायोप्सी हाच क्रम असावा. तुमच्या भावाच्या बाबतीत तो पाळला गेला आहे, आणि याबद्दल तुमच्या सर्जनना मनातल्या मनात का होईना, श्रेय द्या.

हाडांच्या बाबतीत तर एक्स-रे पाहिल्याशिवाय मी मत देतच नाही. हाडाच्या टोकाशी असलेल्या जायंट सेल ट्यूमरमध्ये आणि पॅराथायरॉइड ग्रंथीच्या बिघाडाने होणाऱ्या ब्राउन ट्यूमरमध्ये मोठ्या, अनेक केंद्रके असलेल्या पेशींचे चित्र इतके सारखे असते की नुसत्या स्लाइडवर ते वेगळे काढणे अवघड जाते. दुसऱ्या प्रकारात हाडावर मोठी शस्त्रक्रिया करण्याऐवजी मूळ ग्रंथीचा उपचार करायचा असतो, आणि त्याचा सुगावा रक्तातल्या कॅल्शियमच्या आणि पॅराथायरॉइड हार्मोनच्या साध्या तपासणीत लागतो.

आता नमुन्याविषयी, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे यात आहे. सुईने काढलेले तुकडे फॉर्मेलीनमध्ये टाकतात, त्याने ऊती टिकतात; मग रात्रभराच्या प्रक्रियेनंतर त्या पॅराफिन या मेणात बसवून ब्लॉक तयार होतो आणि त्याचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप स्लाइडवर घेतात. फॉर्मेलीन नमुन्याच्या दहापट तरी असावे आणि नमुना त्यात लगेच पडावा अशी अपेक्षा असते. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत कोंबलेला मोठा नमुना, किंवा रविवार मध्ये आला म्हणून नुसत्या सलाइनमध्ये पडून राहिलेला नमुना आमच्याकडे येतो, तेव्हा पुढच्या सगळ्या तपासण्यांची गुणवत्ता तिथेच ठरलेली असते. पेशी आतून कुजायला लागल्या असतील तर आयएचसीवर खोटे ‘निगेटिव्ह’ येऊ शकते, आणि मग जगातला कोणताही तज्ज्ञ ते भरून काढू शकत नाही. हाडाचा नमुना मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल वापरले असेल तर डीएनए खराब होतो आणि जनुकीय चाचणी फसते. अशा वेळी ईडीटीए (हाडातले कॅल्शियम सावकाश काढणारे रसायन) वापरणे हळू असले तरी सुरक्षित ठरते. तुमच्या पहिल्या लॅबला विचारा की सुईचे किती तुकडे आले होते, ते एका ब्लॉकमध्ये आहेत की दोन, आणि ब्लॉकमध्ये किती ऊती शिल्लक आहेत. हा प्रश्न ‘बरोबर कोण’ यापेक्षा उपयोगाचा आहे, कारण सुईच्या बायोप्सीत ऊती फार थोड्या असतात आणि आयएचसीत शोधायच्या प्रत्येक प्रथिनासाठी, म्हणजे मार्करसाठी, त्यातला एक काप खर्च होतो.

आयएचसीबद्दल लोकांचा असा समज असतो की ती मशीनमधून नाव छापून देणारी चाचणी आहे. ती पेशींत एखादे विशिष्ट प्रथिन आहे की नाही एवढेच दाखवते. पालखीच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या गच्चीतून खाली पाहिले तर सगळ्या टोप्या सारख्याच दिसतात आणि पताका वर आल्यावर दिंडी ओळखू येते. मार्करचे काम साधारण त्या पताकेसारखे आहे, फक्त आमच्याकडे काही पताका एकाहून अधिक दिंड्यांच्या हातात असतात. सीडी३४ हा मार्कर सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्ये बहुधा पॉझिटिव्ह येतो, पण तो आणखी कितीतरी गाठींतही येतो. म्हणून सीडी३४ पॉझिटिव्ह आले एवढ्यावरून नाव लिहिणे धोक्याचे. २०१३ मध्ये या ट्यूमरमध्ये एनएबी२ आणि स्टॅट६ या दोन जनुकांचा जोड सापडला आणि त्यानंतर स्टॅट६ चे पेशीच्या केंद्रकातले रंगणे हा फार विश्वासार्ह पुरावा झाला. तरीही एक सापळा राहतोच: लायपोसार्कोमाच्या (चरबीच्या पेशींच्या सार्कोमाच्या) एका प्रकारात स्टॅट६ आणि त्याच्या शेजारचे एमडीएम२ ही जनुके एकत्र वाढलेली असतात, त्यामुळे तिथेही स्टॅट६ रंगू शकते. सायनोव्हियल सार्कोमामध्ये एक्स आणि १८ या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन एसएस१८-एसएसएक्स असा जोड तयार होतो. तो ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत सापडतो, आणि अलीकडे त्या जोडप्रथिनालाच ओळखणारा मार्करही निघाला आहे. तो ज्या लॅबमध्ये नाही तिथे टीएलई१, सायटोकेराटिन, ईएमए अशा मार्करांवरून अंदाज बांधतात आणि खात्रीसाठी ब्लॉक फिश या जनुकांची अदलाबदल दाखवणाऱ्या चाचणीला पाठवतात.

दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने जी दोन नावे लिहिली ती मला कळतात. ३१ वर्षे वय आणि मांडीतली खोल गाठ यांवरून सायनोव्हियल सार्कोमाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर साधारणपणे चाळिशीनंतर जास्त दिसतो, पण तो तिशीत होतच नाही असे नाही. माझ्याकडे अशी केस आली असती तर मी वीस मार्कर एकदम मागवले नसते. स्टॅट६, सायटोकेराटिन, ईएमए, टीएलई१, एस१००, सॉक्स१०, डेस्मिन आणि सीडी३४ यांच्यापासून सुरुवात केली असती, एसएस१८-एसएसएक्स उपलब्ध असते तर तो पहिल्याच फेरीत घातला असता, आणि निकाल पाहून पुढचे ठरवले असते. काही ठिकाणी आधीच ठरलेली लांबलचक यादी चालवतात. त्यात खर्च वाढतो तो वाढतोच, शिवाय ब्लॉक संपतो, आणि शेवटी खरी गरज लागते त्या जनुकीय चाचणीला ऊती उरत नाहीत. येथे अर्थात माझी आवड बोलते आहे. ज्यांच्याकडे मोठा नमुना आहे त्यांना एवढी काटकसर करावी लागत नाही. एनजीएस ही मोठी जनुकीय चाचणी प्रत्येकाला लागत नाही. स्लाइड, मार्कर आणि एमआरआय एकाच नावाकडे बोट दाखवत असतील तर तिच्यावर पैसे घालवू नका. ते तिघे भांडत असतील तर मात्र ती करावी.

तुमच्या नात्यातल्या मुलीबद्दल. किकुची-फुजिमोटो आजाराचे वर्णन १९७२ मध्ये जपानमध्ये झाले. तरुण मुलींमध्ये मानेच्या गाठी सुजतात, ताप येतो, आणि गाठीची तपासणी केली तर आत मृत पेशींचे पट्टे दिसतात. आपल्याकडे मानेतली गाठ आणि तिच्यात मृत भाग एवढे दिसले की टीबी आठवणे चुकीचे नाही, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा तो टीबीच असतो. पण किकुचीत पेशींचे तुकडे झालेले दिसतात आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) जवळपास नसतात, टीबीसारखे ग्रॅन्युलोमा (पेशींचे घट्ट पुंजके) नसतात. हा फरक सुईने ओढलेल्या पाण्यातल्या सुट्या पेशींत, म्हणजे एफएनएसीत, निसटू शकतो आणि पूर्ण गाठ काढून पाहिल्यावर कळतो. हा आजार बहुधा काही महिन्यांत आपोआप बरा होतो, मात्र ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) नाही ना हे पाहण्यासाठी रक्ताची तपासणी आणि पुढे लक्ष ठेवणे लागते. याहून गंभीर चूकही होते: लिम्फोमाला (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाला) टीबी समजून महिने जातात. म्हणून मानेच्या किंवा काखेतल्या गाठीची बायोप्सी ठरली की शस्त्रक्रियेच्या आधीच सर्जनना विचारावे की एक तुकडा फॉर्मेलीनऐवजी निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चर (जंतू वाढवून पाहणे) आणि जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) यांसाठी पाठवणार आहात का. सगळा नमुना फॉर्मेलीनमध्ये पडला की जंतू मरतात आणि कल्चरची संधी गेलेली असते. रुग्णाच्या नातेवाइकाने विचारलेला हा एक प्रश्न मी पाहिलेल्या कित्येक केसमध्ये सगळ्यांचा वेळ वाचवू शकला असता.

आता मुंबईचे. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तिथल्या पॅथॉलॉजीचा पाया घातला. सार्कोमाच्या इतक्या केस एका छताखाली पाहिल्या जाणारी ठिकाणे देशात थोडी आहेत. पण मुंबईला गेलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही. पुण्यातही मऊ ऊतींच्या गाठी नियमितपणे पाहणारे पॅथॉलॉजिस्ट आहेत. कोणत्या शहरात जायचे यापेक्षा ब्लॉक ज्यांच्याकडे जाणार ते अशा केस वारंवार पाहतात का, त्यांच्याकडे आवश्यक मार्कर आहेत का, आणि ते तुमच्या सर्जनशी व रेडिओलॉजिस्टशी बोलतील का, हे पाहा. शस्त्रक्रिया आणि पुढचे उपचारही तिथेच करायचे ठरले असेल तर मात्र थेट तिथल्याच पॅथॉलॉजीकडे जाणे शहाणपणाचे, कारण बहुतेक मोठी केंद्रे बाहेरच्या रिपोर्टवर उपचार सुरू न करता स्वतः पुनर्वाचन करतात आणि तुमचे मधले एक मत वाया जाते.

नेताना नुसत्या स्लाइड नेऊ नका, ब्लॉकही न्या. ब्लॉक रुग्णाच्या ऊती आहेत आणि मागितल्यावर लॅब ते रीतसर नोंद करून देते. पोचपावती घ्या, काम झाल्यावर परत आणून जमा करा. दोन्ही लॅबचे मूळ रिपोर्ट, एमआरआयचा रिपोर्ट आणि सीडी, आधीच्या सर्व तपासण्या, आणि सर्जनकडून एक छोटे पत्र घ्या, ज्यात गाठ केव्हा लक्षात आली, किती वाढली, किती खोल आहे आणि आधी काही कापले आहे का हे लिहिलेले असेल. आधीचे रिपोर्ट लपवून ‘बघू काय म्हणतात’ अशी परीक्षा घेणारे नातेवाईक असतात. त्यातून काहीच मिळत नाही. उलट पहिल्या दोघांनी काय पाहिले आणि कुठे अडले हे कळले तर तिसरा माणूस तिथूनच पुढे जातो आणि तेच मार्कर पुन्हा करून ब्लॉक संपवत नाही. आणि एक क्षुल्लक वाटणारी सूचना: पॅराफिन साठ अंशांच्या आतबाहेर वितळते, तेव्हा उन्हाळ्यात ब्लॉकचे पाकीट बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून फूड मॉलवर वडापाव खायला उतरू नका.

तीन आठवडे गेल्याने नुकसान झाले का, हे गाठीच्या जातीवर अवलंबून आहे. स्लाइडवर लहान, गोल, निळ्या पेशी दिसत असत्या, म्हणजे युइंग सार्कोमा, रॅब्डोमायोसार्कोमा किंवा लिम्फोमा यांची शंका असती, तर मी स्वतः फोन करून घाई करा म्हटले असते. मंद गतीच्या वाटणाऱ्या स्पिंडल सेल गाठीत नेमक्या निदानासाठी दोन-तीन आठवडे सहसा परवडतात, आणि चुकीची पहिली शस्त्रक्रिया त्याहून कितीतरी महाग पडते. आयएचसीच्या एका फेरीला दोन ते चार दिवस, आणि जनुकीय चाचणी लागली तर आणखी दोन-तीन आठवडे धरा. या काळात गाठ डोळ्यांदेखत वाढली, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, पाऊल उचलता येईना, तर रिपोर्टची वाट न पाहता सर्जनना दाखवा. छातीचा सीटी स्कॅन झाला नसेल तर तो याच काळात उरकता येतो, कारण सार्कोमा पसरला तर तो बहुतेक वेळा फुप्फुसांत जातो. हेही सर्जनना विचारून घ्या.

पुन्हा बायोप्सीची गरज पडेलच असे नाही. ब्लॉकमध्ये जिवंत गाठीच्या पुरेशा ऊती असतील तर पुढचे सगळे त्यावरच होऊ शकते. तुकड्यांत बहुतांश मृत भाग किंवा नुसते तंतू आले असतील, ऊती संपल्या असतील, किंवा एमआरआयमध्ये गाठीचे दोन वेगळे भाग दिसत असून सुई त्यातल्या एकाच भागात गेली असेल, तर पुन्हा करणे योग्य. तसे झाल्यास ती बायोप्सी पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्यानेच व्हावी, कारण सुईचा मार्ग शस्त्रक्रियेत काढता येईल अशा जागी असावा लागतो. चार-सहा तुकडे घ्यावेत आणि एक-दोन वेगळ्या ब्लॉकमध्ये राखून ठेवावेत, असे मी तरी सांगेन.

इतके सारे करूनही काही गाठींना नाव मिळत नाही आणि तज्ज्ञांच्या रिपोर्टवरही ‘अवर्गीकृत स्पिंडल सेल सार्कोमा’ असे येते. तसे आले तर चौथ्या मतासाठी लगेच पळू नका. त्या रिपोर्टमध्ये गाठीची श्रेणी, मृत भागाचे प्रमाण आणि पेशीविभाजनाचा वेग दिला आहे का ते पाहा. गाठीचा आकार, खोली आणि या तीन गोष्टी हाताशी असतील तर ट्यूमर बोर्डाला (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीला) शस्त्रक्रिया किती रुंद करायची आणि रेडिओथेरपी आधी द्यायची की नंतर हे ठरवता येते. गाठ काढल्यानंतर पूर्ण नमुना हाती येतो, त्याच्या अनेक ब्लॉकांतून पुरेशा ऊती मिळतात, आणि बायोप्सीत न सापडलेले नाव कधी कधी तेव्हा सापडते.